हँडलला बांधलेली चिंधी

दादा,

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, पहिल्या पाळीत, सातपूरच्या कारखान्यात तू तुझ्या लेथ मशीनसमोर कोसळलास. दवाखान्यात नेईपर्यंत तू गेला होतास. हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

आमच्या पेपरात निधनवार्ता आली तीही एवढीच होती. ती मीच लिहिली आणि मीच पानावर लावली. तुझी गाडी त्यात नव्हती. निधनवार्तेत गाडीचं काही काम नसतं. पण तू गेल्यापासून घरात जे बोलणं झालं, त्यातलं निम्म्याहून अधिक त्या गाडीविषयी झालं. ते तुला कोणीतरी सांगायला हवं.

तू ठेवलीस तिथेच ती उभी होती. इंदिरानगरच्या घराचा पोर्च, भिंतीकडेची बाजू, वरून जुनी चादर. चादर काढली की आधी दिसायचा तो रंग. मोटरसायकलला असा रंग नाशकात दुसऱ्या कोणी दिला असेल असं मला वाटत नाही. कारखान्यातल्या मशीनना असतो तो, खडबडीत, मळकट हिरवा. मी म्हटलं होतं, "दादा, निदान टाकी तरी लाल कर." तू म्हणाला होतास, "शोभेची वस्तू आहे का ती?"

उजव्या हाताच्या ब्रेकच्या दांडीला लाल चिंधी बांधलेली होती. दुहेरी गाठ. गाठ तुझी होती.

चिंधीचा नियम तू कारखान्यातून घरी आणलास. मशीनच्या आत हात घालण्याआधी तिच्या बटणाला आपली चिंधी बांधायची. काम पुरं झालं की ज्याने बांधली त्यानेच ती सोडायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, मॅनेजरनेही नाही. घरी मिक्सर उघडलास की मिक्सरला चिंधी, पंखा उतरवलास की पंख्याच्या बटणाला चिंधी. जुन्या घरी एकदा आईने मेन स्विचची चिंधी सोडली, कारण उतू चाललेलं दूध उतरवायला तिला फडकं सापडेना. स्विचला तिने हात लावला नव्हता. तू स्टुलावर उभा होतास, हातात उघडी वायर. तू ओरडला नाहीस. खाली उतरलास आणि उतरवलेलं दूध निवेपर्यंत फरशीवर बसून राहिलास. आई म्हणाली, "अरे, नुसतं फडकं तर घेतलं." त्यानंतर स्वयंपाकघरात तिने लाल कापड कधी ठेवलं नाही.

त्यामुळे गाडीवरच्या चिंधीचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता. गाडीचं काहीतरी काम उघडं होतं. कुठलं, ते फक्त तुला ठाऊक होतं. भाऊबीजेला मी आले तेव्हा चिंधी नव्हती, हे मला पक्कं आठवतं, कारण त्या दिवशी आपण गाडीपाशीच उभं राहून भांडलो होतो. म्हणजे ती तू भाऊबीजेनंतर बांधलीस. याहून जास्त काही मला सांगता येत नव्हतं.

तेरावं झालं त्या आठवड्यात वहिनी म्हणाल्या, "शुभाताई, गाडी विकून टाकायची. लवकर."

मी म्हटलं, "एवढी घाई काय? गाडी खायला मागते का?"

"दार उघडलं की ती दिसते. वाटतं, हे आता ही बाहेर काढतील. भीती वाटते. हे नाहीत हे कळतं, तरी पाय गेटकडे वळतात."

वहिनींच्या या बोलण्याकडे मी तेव्हा नीट लक्ष दिलं नाही. माझ्या डोक्यात जाहिरातीचा मजकूर सुरू झाला होता. गाडी अखंड विकायची, ज्याला तिची किंमत कळेल अशा माणसाला विकायची, एवढं मी मनाशी ठरवलं होतं. तुझं काम होतं ते. मजकुराची पहिलीच ओळ अडली. 'सुस्थितीत' असा शब्द अशा जाहिरातीत असतोच. मला तो लिहिता येईना. ज्या गोष्टीची खात्री नाही ती छापायची नसते.

मागच्या कुंभमेळ्याच्या वर्षी, बारा वर्षांपूर्वी, साच्याची जड डाय निसटून तुझ्या डाव्या पायावर पडली. पाय वाचला, घोटा कायमचा ताठ राहिला. दुसरा कोणी असता तर त्याने मोटरसायकलचा नाद सोडला असता. तू वर्षभराने जुनी मोटरसायकल विकत आणलीस, आणि तीही असली, की जिचा मागचा ब्रेक डाव्या पायात आणि गिअर उजव्या पायात. आई म्हणाली, "याला आता काय म्हणायचं?" तू डावीकडचा ब्रेक काढूनच टाकलास. तिथे तुझ्या बुटाच्या मापाची एक सपाट पट्टी बसवलीस, पाय नुसता ठेवायला. पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही चाकांचे ब्रेक उजव्या हातातल्या एकाच दांडीवर घेतलेस. दोन्ही केबल हेडलाइटच्या मागे एका लहानशा आडव्या पट्टीला जोडल्यास, त्यामुळे दांडी ओढली की जोर दोन्हीकडे वाटून जायचा. स्टँड हाताने खाली घ्यायची सोय केलीस. हँडल उंच केलंस. सगळं तुझ्या एका शरीराच्या मापाने.

मग वर्षानुवर्षं तुला ती चालवताना मी कधी पाहिलंच नाही. कामावर कंपनीच्या बसने जायचास. रविवारी चादर काढायची, काहीतरी उघडायचं, चिंधी बांधायची, संध्याकाळी चिंधी सोडायची, चादर घालायची. दसऱ्याला लोक गाड्यांना झेंडूचे हार घालतात. तू मात्र आदल्या दिवशी, खंडेनवमीला, व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि पान्यांच्या शेजारी तिची पूजा करायचास. हत्यारांबरोबर. शेजारचे विचारायचे, "विलासराव, एक दिवस आधीच?" तू हळदकुंकू लावत राहायचास.

भाऊबीजेला मी तुला त्या न चालवण्याबद्दलच विचारलं. "दादा, हिला तू बनवतोस किती आणि चालवतोस किती?"

"काम आहे अजून."

"काम कधी संपणार?"

"तुझा पेपर कधी संपतो का? रोज निघतोच ना?"

"माझा पेपर दुसरे लोक वाचतात. ही दुसऱ्या कोणाला चालवता येणार नाही. उद्या कोणाच्या हाती गेली तर तो मरेल."

"कशाला जाईल कोणाच्या हाती?"

"समज, गेली."

"उद्याचं उद्या बघू," तू म्हणालास. "बातमीदार, लाडू आण."

लाडू आणायला मी आत गेले. भांडण तिथेच राहिलं.

शहर आवृत्तीच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. अपघाताच्या बातमीचा साचा मला पाठ आहे. दुचाकी घसरली, दुचाकी धडकली, चालकाचे नियंत्रण सुटले. हे तिसरं वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल. त्यात नियंत्रण का सुटलं ते कधीच नसतं. तुझ्या गाडीबाबत ते मला आधीच माहीत होतं. समोर काही आलं की माणूस विचार करत नाही, त्याचा पाय आपोआप खाली जातो. जुन्या गाडीवाल्याचा डावा पाय तुझ्या सपाट पट्टीवर पडणार होता. तिथे काही नाही. नव्या गाड्यांत ब्रेक उजवीकडे, म्हणून नव्या गाडीवाल्याचा उजवा पाय गिअरवर पडणार होता. तिथे ब्रेक नाही. आणि यावर भर म्हणजे चिंधी. सकाळी दात घासताना मला ती बातमी चार ओळींत दिसायची. गाडीचा क्रमांक तुझा. मालक म्हणून वहिनींचं नाव.

जाहिरात देण्याआधीच पहिला माणूस आला. तुझ्या शेजारच्या मशीनवरच्या रामनाथने कुठे बोलता बोलता गाडीचा विषय काढला होता. पिंपळगावकडचे सुनीलभाऊ, द्राक्षबागवाले, अंगाने भरलेले, आवाज मोठा. चादर काढल्याबरोबर हसले.

"ताई, ही गाडी हाय का रणगाडा? रंग तर आमच्या पाण्याच्या मोटारीचा."

"कारखान्यातल्या मशीनचा आहे."

"मग ठीक. गंजायची नाय." ते फिरून फिरून बघत होते, आणि बघता बघता त्यांचं हसणं कमी झालं. स्टँडच्या दांड्याला हात लावला, हँडलच्या वेल्डिंगवरून अंगठा फिरवला. "हे भाऊंनी सोताच्या हातानं केलं? सगळं?" मला फार बरं वाटलं. हाच तो माणूस, असं मी मनात म्हटलं.

ते गाडीवर बसले. डावा पाय खाली चाचपडत राहिला.

"ब्रेकचा पाय कुठं गेला? भाऊंनी खाल्ला का काय?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी उजवी दांडी दोनतीनदा करकचून ओढली. "ब्रेक तर दगड हाय. चावी द्या, कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो."

मी म्हटलं, आज नको. ते म्हणाले, "ताई, म्हैस घेताना दूध काढूनच बघत्यात." एवढ्यात वहिनी आतून चावी घेऊन आल्या. त्यांना गाडी जायला हवी होती. मी काही बोलायच्या आत सुनीलभाऊंनी चावी लावली, आणि दांडीला लोंबणाऱ्या चिंधीच्या गाठीला हात घातला.

"हे फडकं काय बांधलंय मधीच..."

"हात लावू नका त्याला!"

वहिनींचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. सुनीलभाऊंनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "काय झालं वहिनी? नजर लागू नये म्हणून हाय का?"

"यांनी बांधलंय ते. हेच सोडतील."

आपण काय बोललो ते वहिनींच्या उशिरा लक्षात आलं. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. सुनीलभाऊ गाडीवरून उतरले, चावी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "माझं चुकलं," ते म्हणाले. "मला घाई नाय. पण दुसऱ्याला देऊ नका. फोन करतो." चहा न घेता गेले.

ते गेल्यावर वहिनी पायरीवर बसल्या आणि जे तू मला कधी सांगितलं नाहीस ते त्यांनी सांगितलं.

"हे घाबरायचे, शुभाताई."

"कशाला?"

"गाडीला. त्या पायाचं झाल्यापासून. दसऱ्याला तेवढी बाहेर काढायचे, पाथर्डी फाट्यापर्यंत जाऊन यायचे. परत यायचे तर शर्ट पिळून काढावा असा. मी गेटशी उभी राहायचे. वळणावर मागचा दिवा लागला, की ब्रेक लागला म्हणायचं आणि आत जायचं. तोवर नाही. यांनी दिवा त्या हाताच्या दांडीला जोडून घेतला तो माझ्यासाठीच. म्हणाले, तुला इथून दिसेल."

"मग एवढं बनवत का बसायचा?"

"बनवून झाली असती तर चालवावी लागली असती."

माझ्या टोमण्यांवर तू दरवेळी 'काम आहे अजून' म्हणायचास, आणि मी ते हट्ट म्हणून मोजलं. भीती असेल असं मला कधी वाटलं नाही. आपण दोघंही एकाच गाडीला घाबरत होतो, आणि त्यावरून एकमेकांशी भांडत होतो.

पुढच्या रविवारी रामनाथ आला. तुझ्या ओळखीची तीच पिशवी, त्यात पाने. गाडीसमोर उभा राहून त्याने आधी चप्पल काढली. मी विचारलं, कारखान्यात चिंधी बांधणारा माणूसच नसेल तर काय करतात?

"तशी येळ एकदाच आली. एक जण आजारी पडून गावाला गेला, सुरगाण्याकडं, फोन नाय काय नाय. मंग दोघांनी मिळून मशीन उघडायची. अर्धं काम कुठं राहिलं ते हुडकायचं, पुरं करायचं. मंग चिंधी. पन सोडायची नाय. कापायची. दोघांच्या डोळ्यांदेखत."

त्याने मागच्या चाकापासून सुरुवात केली. चाक काढलं, ब्रेकचा ड्रम उघडला, ब्रेकचे गुटके पाहिले. सगळं स्वच्छ, सगळं जागेवर. मग कार्बोरेटर. मग प्लग, बॅटरी, वायरी. मधे मधे तो तुझ्याशीच बोलत होता. "भाऊ, हे नट एवढं आवळलं कशाला? पळून चाललं व्हतं का?" जेवणाची वेळ झाली. वहिनींनी पिठलं-भाकरी केली होती, ती त्याने पोर्चमध्येच खाल्ली. मग हात पुसून म्हणाला, "वहिनी, काय नाय सापडत. भाऊ विसरला असंल सोडायला."

"ते विसरणारे नव्हते."

"मानूसच हाय, वहिनी."

वहिनी गाडीजवळ आल्या. एवढ्या वर्षांत त्यांना मी गाडीच्या इतक्या जवळ पाहिलं नव्हतं. चिंधीकडे बोट करून म्हणाल्या, "मिक्सर उघडला की ते मिक्सरलाच बांधायचे. फ्रिजला नाही."

रामनाथ ब्रेकच्या दांडीकडे पाहत राहिला. ब्रेक दगडासारखा लागत होता, म्हणून तिकडे तो वळलाच नव्हता. मीही नव्हते. त्याने हेडलाइट उतरवला. मागे ती आडवी पट्टी, दोन टोकांना दोन केबल. पट्टी ज्या खिळीवर फिरते, त्या भोकात खिळीच्या जागी एक साधा खिळा होता. सुताराकडचा. पट्टी खाली पडू नये म्हणून तात्पुरता अडकवलेला. रामनाथने तो दोन बोटांत धरला आणि ओढला. खिळा निघून आला. पट्टी लोंबली, दोन्ही केबल सैल पडल्या, आणि दांडी हँडलला जाऊन टेकली. पुढचा ब्रेक नाही, मागचा ब्रेक नाही.

 शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"उभ्या गाडीला हे टिकलं असतं," रामनाथ हळूच म्हणाला. "चालत्या गाडीला जोरात दाबलं असतं तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. मी मनात पुरं केलं. कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो, असं सुनीलभाऊ म्हणाले होते.

"मंग खिळी कुठं गेली?" रामनाथने विचारलं. "जुनी झिजली असंल म्हनून काढली. नवी?"

वहिनी आत गेल्या. कारखान्याने तुझ्या वस्तू एका प्लास्टिकच्या पिशवीत दिल्या होत्या. चष्मा, कंगवा, रुमाल, डबा. त्या पिशवीतून त्यांनी एक कागदाची पुडी काढली. "मला वाटलं कंपनीचं काही असेल. परत द्यायचं राहून गेलं होतं."

पुडीत करंगळीच्या पेराएवढी पोलादाची खिळी होती. चकचकीत. रामनाथने ती तळहातावर घेतली आणि खाली बसला.

"त्या दिसाची हाय ही. सकाळचा चहा झाला आन भाऊ लेथवर गेला. मी म्हनलं, काय चाललंय? तर बोलला, घरचं हाय, मधी बोलू नको." खिळी तळहातावर फिरवत तो म्हणाला, "मंग मी नाय बोललो."

खिळी भोकात अंगठ्याने गेली. ना सैल, ना घट्ट. ती रामनाथने बसवली, पट्टी मी धरली. केबल ताणल्या, हेडलाइट बसवला. दांडी ओढली, पुढचं चाक थांबलं, मागचं थांबलं, मागचा दिवा लागला. तुझं काम पुरं झालं. वहिनींनी स्वयंपाकघरातली कात्री आणली. चिंधी त्यांनी कापली. गाठ तशीच राहिली.

दादा, तिथे माझी भीती संपायला हवी होती. मी रामनाथला म्हटलंही, "आता गाडी अखंड द्यायला हरकत नाही ना?"

"आता शंभर टक्के हाय," तो म्हणाला. "थांबा, मी एक चक्कर मारून दावतो."

तो बसला. ब्रेक कुठे आहे हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? दिवसभर तेच तर त्याच्या हातात होतं. तो सावकाश निघाला. वहिनी गेटशी गेल्या. गल्लीच्या मध्यावर एका बंगल्यातून एक बाई मोपेड घेऊन बाहेर आली, न बघता. मागचा दिवा लागला नाही. रामनाथची गाडी तिरपी झाली, मोपेडला चाटून गेली आणि समोरच्या कंपाउंडच्या मेंदीच्या कुंपणात शिरून बंद पडली. कोणाला लागलं नाही. बाई त्याला बोलली, ते त्याने ऐकून घेतलं. मग गाडी ढकलत परत आणली. 

"ताई, मला सगळं ठाऊक हाय," तो म्हणाला. "तरी जुन्या गाडीच्या सवयीनं पाय डावीकडंच दाबला. भाऊच्या त्या पट्टीवर. दाबतोय, दाबतोय, आन गाडी थांबंना."

वहिनी गेटचा गज धरून उभ्या होत्या. दिवा लागला नव्हता, म्हणून त्या आत गेल्या नव्हत्या.

संध्याकाळी आम्ही तिघं पोर्चमध्ये बसलो. रामनाथ म्हणाला, सुटे भाग करून विकू, भंगारवाल्याकडे चांगलं गिऱ्हाईक मिळेल. वहिनी म्हणाल्या, "तुकडे करायचे नाहीत." मी म्हटलं, अखंड द्यायची आणि घेणाऱ्याला शिकवायचं. हे बोलतानाच मला त्यातला फोलपणा कळत होता. रामनाथला कोणी काय शिकवायचं राहिलं होतं?

"भाऊनं ती सोताच्या पायासाठी बनवली," रामनाथ म्हणाला. "तो पाय गेला. दुसऱ्याच्या पायाला ती चालायची नाय."

माझं आणि तुझं भांडण आठव. मी तेव्हा हेच म्हणत होते. आणि आता, तू नसताना, तुझी बाजू मी लढवत होते.

"पहिली होती तशी करा," वहिनी म्हणाल्या. "ब्रेक पायात. जसा असल्या गाड्या चालवणाऱ्यांना येतो तसा."

रामनाथ म्हणाला, या गाडीचा ब्रेकचा पाय आता बाजारात मिळणं अवघड आहे, जुन्या बाजारात हुडकावा लागेल. वहिनी म्हणाल्या, आधी माळा बघा. माळ्यावर पत्र्याची पेटी होती. तिच्यात मूळ गाडीचं तू काढलेलं सगळं होतं. ब्रेकचा पाय, त्याची सळई, स्प्रिंग, जुनं हँडल. प्रत्येकाला ग्रीस लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. वर्तमानपत्र आमचं होतं. मी ते उलगडलं. ग्रीस ताजं होतं आणि पान यंदाच्या कुंभमेळ्यातल्या शाहीस्नानाच्या बातमीचं. म्हणजे याच वर्षी, पावसाळ्यात कधीतरी, तू ती पेटी खाली घेऊन, सगळं पुसून, पुन्हा ग्रीस लावून ठेवलं होतंस.

भाऊबीजेला तू हे मला सांगू शकला असतास. तू लाडू मागितलास.

रामनाथने रविवार घालवून काम केलं. तुझी आडवी पट्टी काढली, हाताची दांडी पुढच्या चाकापुरती ठेवली, डावीकडे ब्रेकचा पाय बसवला आणि मागचा दिवा त्याला जोडला. हँडल उंच होतं ते राहू दिलं, रंगही. सपाट पट्टी, आडवी पट्टी, खिळी आणि तो खिळा वहिनींनी तुझ्या मायक्रोमीटरच्या शेजारी कपाटात ठेवले. तो खिळा कशाला, असं मी विचारलं नाही.

कागद वहिनींच्या नावावर झाल्यावर सुनीलभाऊंना फोन केला. ते आले, गाडीकडे पाहून जरा हिरमुसले. "ताई, हे काय केलं? ती असली गाडी जिल्ह्यात नव्हती. आता ही नुसती जुनी गाडी झाली."

मी त्यांना खिळ्याचं सांगितलं. त्यांनी उजवी दांडी हळूच ओढून पाहिली. मग टाकीवर हात ठेवून म्हणाले, "रंग तरी तोच ठेवला, बरं केलं."

मी त्यांना गाडीवर बसवून ब्रेक दाबायला लावला. परत दाबायला लावला. गिअर कुठे, ब्रेक कुठे, हे त्यांच्याकडून वदवून घेतलं. "ताई, लायसनची परीक्षा घेता का काय?" ते म्हणाले, पण प्रत्येक वेळी नीट उत्तर दिलं. रामनाथ चाकाशी वाकून पुन्हा एकदा नट तपासत होता.  चावी वहिनींनी स्वतः दिली आणि गेटशी जाऊन उभ्या राहिल्या.

सुनीलभाऊ निघाले. गल्लीतून जाईपर्यंत गाडीचा आवाज एकसारखा येत होता.

वळणावर मागचा दिवा लागला. गाडी डावीकडे वळली. वहिनी आत गेल्या.